मोठे टायर आणि तोंडी वचन

आमच्या वारणाकांठच्या काळ्या रानांत पावसाळ्याचे दिवसांत वाहन नेणें हा काय प्रकार असतो, हें या मासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. अलीकडे पुष्कळ शेतकऱ्यांचे घरीं जीपच्या जातीची, चारही चाकांस जोर असलेली गाडी आली आहे, आणि ती आली कीं वर्षसहा महिन्यांत कोणी तरी सुचवितो, "हिला मोठे टायर घाला, मग चिखलाची भीति नाहीं." माझ्या चिरंजीवांस ही सूचना गाडीच्या विक्रेत्याकडील माणसानेंच केली व ती आम्हीं मानिली. त्यापायीं जो अनुभव पदरीं आला तो, व मागाहून जी माहिती मिळविली ती, येथें देत आहें. तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या मनुष्यानें तोंडी शब्दावर विसंबावें, हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु घडलें तें असें.

प्रथम आंकड्यांचा उलगडा करूं. टायरच्या भिंतीवर सर्व कांहीं लिहिलेलें असतें. तो एक दाखलाच आहे, फक्त तो वाचण्याची आपणांस संवय नाहीं. आमच्या गाडीचे मूळ टायर २१५/७५ आर १५ या मापाचे होते. यांत २१५ ही रुंदी मिलिमीटरांत. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या शेंकडा ७५ इतकी भिंतीची उंची. 'आर' हें रेडियल बांधणीचें अक्षर. आणि १५ हा आंतील लोखंडी चाकाचा व्यास, इंचांत. हिशेब केला असतां टायरचा एकंदर व्यास सुमारें ७०३ मिलिमीटर येतो. विक्रेत्यानें घातलेले टायर २३५/७५ आर १५ होते. त्यांचा व्यास सुमारें ७३३. म्हणजे वाढ ३० मिलिमीटरांची. पण गाडी उंच झाली ती त्याच्या निम्मी, अवघी १५ मिलिमीटर. कारण वाढीचा अर्धा भाग आंसाच्या वर जातो. "गाडी दोन इंच उचलेल" असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें.

येथें एक गैरसमज दूर करावासा वाटतो. लोखंडी चाक मोठें म्हणजे टायर मोठा, असें नाहीं. २०२० साली निघालेल्या थार गाडीच्या एका प्रकारास २४५/७५ आर १६ व दुसऱ्यास २५५/६५ आर १८ असे टायर कारखान्यांतूनच आले. चाकांत दोन इंचांचें अंतर. पण एकंदर व्यासांत फरक केवळ १५ मिलिमीटरांचा.

मोठ्या चाकाचा गुण खोटा नव्हे. बैलगाडीचें चाक उंच असतें तें उगीच नाहीं. तें खड्ड्यांत बुडत नाहीं व धोंड्यावरून सहज चढतें. परंतु बैल आपला जोर ओझ्याप्रमाणें कमीजास्त करितो, यंत्राचे दांते मात्र ठराविक मापाच्या चाकासाठीं मोजून कापलेले असतात. चाक शेंकडा सव्वाचार वाढलें कीं जमिनीवर मिळणारा ओढ तितकाच घटतो. ब्रेकची पकड तीच राहते, पण चाकाचा दांडा लांब झाल्यामुळें तिचा जमिनीवरील परिणाम त्याच मानानें कमी होतो. शिवाय जड टायर थांबविण्यास अधिक बळ लागतें. वेगदर्शक कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी साडेबासष्टांनीं चाललेली असते. मापकावर १०,००० किलोमीटर होतात तोंवर खरें अंतर १०,४२६ झालेलें असतें, म्हणून तेल बदलण्यास उशीर होतो आणि गाडी तेल अधिक खाते असा उगीच संशय येतो.

कागदावर हे आंकडे लहान दिसतात. कुंभार्ली घाट उतरतांना ते आम्हांस कळले. गुळाच्या ढेपा चिपळुणास पोंचवावयाच्या होत्या. गाडींत चिरंजीव, सूनबाई व मी. एका अवघड वळणावर चाक पुरतें वळवितांच आंतून घांसल्याचा आवाज आला आणि ब्रेक दाबूनही गाडी अपेक्षेपेक्षां पुढें सरकली. पुढून येणारी एस. टी. तिच्या चालकानें वेळेवर उभी केली म्हणून निभावलें. सूनबाई त्या दिवशीं पुढें एक शब्द बोलल्या नाहींत. खालीं उतरून पाहिलें तों टायरची आंतली भिंत चिरल्यासारखी झाली होती.

चिखलाचें म्हणाल तर आमच्या काळ्या मातींत व्यासापेक्षां नक्षी व हवा यांवरच अधिक अवलंबून असतें. ही माती चिकट. नक्षीच्या फटी बुजल्या कीं कोणताही टायर गुळगुळीत होतो, आणि रुंद टायरवर ती मडगार्डांत दाटून बसते. रानांत शिरतांना हवा कांहीं पौंड उतरविली तर टायर जमिनीवर अधिक पसरतो व त्याच गाडीस तोच चिखल सोपा जातो. मात्र फार उतरविल्यास टायर चाकावरून सुटतो, आणि डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वीं हवा पूर्ववत् भरलीच पाहिजे. खोल नक्षीचे चिखली टायर ओल्या डांबरावर कमी धरतात, हेंही ध्यानांत असावें. चार चाकांचा जोर लाविला असतां मापें एकसारखीं नसतील तर यंत्रांत पीळ पडतो. याकरितां राखीव चाकही त्याच मापाचें हवें.

आतां विक्रेत्यांविषयीं. पुढें चार महिन्यांत स्टिअरिंगचा सांधा झिजला. हमीची मुदत शिल्लक होती. परंतु ज्या दुकानानें टायर घातले त्याच दुकानानें 'माप बदललेलें आहे' म्हणून हमी नाकारिली. सुचविणारा माणूस दुसऱ्या गांवीं गेलेला. व्यवस्थापक म्हणाले, "टायर तुम्हींच मागितलेत." टायरांची हमी तर गाडीच्या कंपनीची नसून बहुधा टायर करणाऱ्या कंपनीची असते, हें तेव्हां समजलें.

कायदाही पाहून ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणें कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकास करितां येत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य बदलास, प्रत्येक बदलामागें, पांच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. म्हणून आपल्या गाडीच्या त्याच प्रकारास कंपनीनें कोणकोणतीं मापें मान्य केलीं आहेत, हें पुस्तिकेंत पहावें व विक्रेत्याकडून शिक्क्यानिशीं लिहून घ्यावें. हमी कायम राहील कीं नाहीं, तेंही त्याच कागदावर असावें. आणि विमा कंपनीस आगाऊ लेखी कळवून पोच घ्यावी. टायरचें माप, भारांक (१०० हा आंकडा असल्यास एका टायरवर ८०० किलो) व निर्मितीची तारीख बिलांत उतरवून घ्यावी. तारीख चार आंकड्यांची असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पडून राहिलेला जुना माल नवा म्हणून कोणी देऊं पाहिल्यास येथेंच उघडकीस येतो.

फसवणूक झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांचे आंत तक्रार करितां येते. २०१९ च्या कायद्यानें ती आपल्या राहत्या जिल्ह्यांतच दाखल होते, आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या मालास फी पडत नाहीं. मीही कागद जुळवावयास बसलों होतों. बिल काढून पाहिलें. त्यावर 'टायर नग ४' एवढेच शब्द आहेत.