थरथरती पट्टी आणि वाया जाणारं जस्त

कोकणातल्या गोठ्यावरचा पत्रा चार पावसाळे काढतो तो जस्ताच्या जिवावर. '२७५ ग्रॅम'चा पत्रा म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरमागे २७५ ग्रॅम जस्त. एका बाजूला जेमतेम १९ मायक्रॉन. हा थर सगळीकडे सारखा बसवणं ही गॅल्व्हनायझिंगची खरी परीक्षा आहे, आणि तिथे आड येते ती जस्तातून धावणाऱ्या पोलादी पट्टीची थरथर.

लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ साली घेतलं. कॉइल उलगडून सलग धावती पट्टी बुडवण्याची रीत पोलंडच्या तादेऊश सेंजिमिर यांनी १९३०च्या दशकात बसवली. आपल्याकडे वासिंद, तारापूर, खोपोली इथे अशाच सलग लाइनवर पत्रा तयार होतो. भट्टीतून आलेली पट्टी सुमारे ४६० अंश सेल्सिअसच्या जस्तात शिरते, तळाशी बुडालेल्या सिंक रोलला वळसा घालते आणि सरळ वर निघते. वर येताच दोन्ही बाजूंनी एअर नाइफ, म्हणजे हवेचा पातळ पण जोरकस झोत, जादा जस्त खाली लोटतो. झोताचं तोंड पट्टीपासून साधारण सेंटिमीटरभर लांब असतं. एवढ्याशा अंतरात पट्टी दोन मिलिमीटर जरी हलली, तरी ती ज्या बाजूला सरकली तिथला थर पातळ होतो आणि उलट बाजूचा जाड.

ग्राहकाला हमी असते ती किमान थराची. म्हणून पट्टी हलत असेल, तर सर्वात पातळ जागाही हमीत बसावी एवढं जस्त सगळ्याच पत्र्यावर चढवावं लागतं. १.२ मीटर रुंदीची पट्टी मिनिटाला १२० मीटर वेगाने जात असेल, तर मिनिटाला १४४ चौरस मीटर पत्रा निघतो. त्यावर चौरस मीटरमागे पाचच ग्रॅम जास्त गेले, तर चोवीस तासांत टनभर जस्त जादा जातं. खाणीतून काढून, वीज जाळून शुद्ध केलेलं हे जस्त थरथरीपायी उधळलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

मुळात पट्टी हलते का? जस्ताच्या भांड्यातल्या रोलपासून वरच्या पहिल्या रोलपर्यंत ती कित्येक मीटर आधाराविना ताणलेली असते, तंबोऱ्याच्या तारेसारखी. तिची स्वतःची कंपनसंख्या लांबी आणि ताण यांवर ठरते. चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताण आणि ३० मीटर लांबी धरली, तर ती सेकंदाला सुमारे ०.९४ येते. आता ७०० मिलिमीटर व्यासाचा सिंक रोल घ्या. मिनिटाला १२० मीटर वेगाला तो सेकंदाला ०.९१ फेरे घेतो. रोल किंचित वेडावाकडा असेल किंवा त्याचा आस ज्यांत टेकतो ते बुश झिजले असतील, तर प्रत्येक फेऱ्याचा हिसका नेमका पट्टीच्या तालावर पडतो आणि डोलणं वाढत जातं. वितळलेल्या जस्तात फिरणारे बुश झिजणारच. वर कूलिंगच्या पंख्यांची हवाही पट्टीला ढकलत असते.

अशा वेळी ऑपरेटर वेग थोडा बदलून ताल मोडतो. ताण वाढवणं हा दुसरा उपाय, पण कंपनसंख्या दुप्पट करायला ताण चौपट लागतो. एवढ्या ताणाने तापलेली पट्टी अरुंद होईल किंवा तुटेल. जस्तातले स्टॅबिलायझिंग रोल पट्टीला आधार देतात, मात्र तेही झिजतातच.

म्हणून आता एअर नाइफच्या जरा वर विद्युतचुंबक बसवतात. पोलादाचं चुंबकत्व सुमारे ७७० अंशांना जातं, त्यामुळे ४६० अंशांची पट्टी चुंबकाला दाद देते. अडचण वेगळीच आहे. चुंबक पट्टीला ओढू शकतो, ढकलू शकत नाही. शिवाय अंतर निम्मं झालं की ओढ जवळपास चौपट होते. म्हणजे पट्टी एका बाजूला झुकली, की तिकडचा चुंबक तिला आणखीच खेचणार! यावर उतारा म्हणून दोन्ही बाजूंना चुंबकांच्या जोड्या असतात आणि सोबत स्पर्श न करता अंतर मोजणारे सेन्सर. डोळ्याचं पातं लवायच्या आत हिशोब होऊन एका बाजूची वीज कमी, दुसरीकडची जास्त केली जाते. जर्मनीतल्या ईएमजी कंपनीची 'ईमास' ही अशीच यंत्रणा. रुंदीभर चुंबक असल्यामुळे सिंक रोलच्या वळशातून पट्टीला आलेला आडवा बाकही त्यांना सपाट करता येतो.

तरीही माझ्या मते आधी रोल आणि बुश वेळेवर बदलावेत, चुंबकांकडे मग वळावं. झिजलेल्या बुशाची डुगडुग चुंबकाने दाबता येते, बुश काही दुरुस्त होत नाही.

थर मोजून मागाहून सुधारणा करावी म्हटलं, तर मोजणारा गेज अनेक लाइनवर पट्टी थंड झाल्यानंतर, शंभरेक मीटर पुढे असतो. सेकंदाला दोन मीटर वेगाने तिथे पोहोचायला जवळजवळ मिनिट लागतं. तेवढ्या वेळात पट्टी पन्नासेक वेळा डोललेली असते. त्यामुळे गेजचं बघून एअर नाइफचा सरासरी दाब सुधारता येतो. डोलणं मात्र नाइफपाशीच थांबवावं लागतं.