दातांचे दुखणे आणि भूलतज्ज्ञ

दात दुखू लागला म्हणजे माणसाला काही सुचत नाही. तरीही आपण लवंग, तुरटी आणि मिठाच्या पाण्यावर दिवस ढकलत राहतो. कारण एकच, भीती. ती भीती घालविणारे शास्त्र म्हणजे भूलशास्त्र. आम्ही काही डॉक्टर नव्हे, बँकेत कारकुनी करणारे. परंतु घरातल्याच एका प्रसंगाने या शास्त्राची थोडीफार माहिती करून घ्यावी लागली. ती समाजबांधवांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

भूल देण्याची विद्या पुढे आली ती दंतवैद्यांमुळेच. अमेरिकेतील हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये हसविणाऱ्या वायूचा खेळ पाहिला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला वेदना कळली नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्स यांनी तो वायू घेऊन स्वतःचा दात काढवून घेतला. पुढे १८४५ मध्ये बोस्टन शहरात त्यांनी प्रयोग करून दाखविला, तेव्हा रोगी ओरडला आणि वेल्स यांची टिंगल झाली. त्यांचेच एकेकाळचे भागीदार, दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात ईथरची भूल दिली आणि रोग्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. म्हणूनच १६ ऑक्टोबर हा दिवस जगभर भूल दिन म्हणून पाळतात.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक दातासाठी भूलतज्ज्ञ लागतो काय? मुळीच नाही. साधा दात काढायचा असेल तर दंतवैद्य स्वतःच हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले व १९४८ पासून वापरात आहे. तेवढी जागा बधिर होते, माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. दाब जाणवतो, कळ जाणवत नाही. ओठ मात्र दोन-तीन तास जड राहतो. तेवढ्या वेळात लहान मूल स्वतःचा ओठ चावून घेते, तिकडे आईने लक्ष ठेवावे. दाढेखाली पू झाला असेल तर या औषधाचा गुण नीट येत नाही. म्हणून दुखणे अंगावर काढू नये.

परंतु चिमुकल्या मुलाचे आठ-दहा दात किडले आहेत, अपघातात जबडा मोडला आहे, रोग्याला हृदयविकार आहे किंवा तो दिव्यांग असून खुर्चीत स्थिर बसू शकत नाही, अशा वेळी भूलतज्ज्ञाची गरज पडते. एम.बी.बी.एस. झाल्यावर या विषयाचा स्वतंत्र अभ्यास केलेले हे डॉक्टर असतात. गरजेप्रमाणे ते नुसती गुंगी देतात किंवा पूर्ण भूल देतात.

आमच्या बहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा. जन्मापासून बौद्धिक वाढ कमी, बोलता येत नाही. मध्यंतरी त्याने जेवण टाकले. रात्री तो गालावर थापडा मारून घेऊ लागला. आम्ही सर्वांनी मिळून तो हट्ट ठरविला. एकदा आम्ही त्याच्यावर हातही उगारला, हे लिहिताना आज लाज वाटते. गाल सुजला तेव्हा डोळे उघडले. दोन दवाखान्यांतून "तो तोंड उघडत नाही" म्हणून परत पाठविले. तिसऱ्या दंतवैद्यांनी सांगितले, "त्याला धरून-बांधून काही करू नका. इस्पितळात भूलतज्ज्ञाकडून भूल देऊन सारे दात एकदम करू."

ठरल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी विचारले, "सकाळपासून काही खाल्ले का?" आम्ही ठामपणे नाही म्हणालो. तरी ते आमच्या आईकडे वळले. "आजी, घोटभर तरी दिलं असेल ना?" आई म्हणाली, "दूध-बिस्किट दिलं बाबा. लेकरू उपाशी कसं ठेवू?" त्यांनी त्या दिवशीची शस्त्रक्रिया रद्द केली. रजा वाया गेली म्हणून आम्ही रागावलो. त्यांनी आम्हाला बसवून समजावले. पूर्ण भुलेत घशाची राखण करणारी शक्ती झोपी जाते. पोटातले दूध वर येऊन फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. आईचा हात घास भरवायला गेला होता, आणि त्याच घासाने घात झाला असता.

दातांच्या कामात आणखी एक अडचण असते. दंतवैद्याची कामाची जागा आणि रोग्याच्या श्वासाची वाट एकच, ती म्हणजे तोंड. म्हणून पुष्कळदा नाकातून नळी घालून श्वास चालू ठेवतात. रक्त किंवा दाताचा तुकडा खाली जाऊ नये म्हणून घशात गॉजची पट्टी ठेवतात व शेवटी ती आठवणीने काढतात. बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायू सांगत असते. दंतवैद्याची नजर दातावर, तर भूलतज्ज्ञाची नजर श्वासावर, नाडीवर आणि रक्तदाबावर. रोगी पुरता जागा होईपर्यंत ते जबाबदारी सोडत नाहीत.

बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा असतो. त्यात कोणावर अविश्वास नसतो, एका माणसाच्या नजरेतून चूक निसटते एवढेच. येथे तर प्रश्न जिवाचा. ब्रिटनमध्ये पूर्वी दातांच्या साध्या दवाखान्यांतही पूर्ण भूल देत. काही मृत्यू झाल्यावर तेथील जनरल डेंटल कौन्सिलने १९९८ मध्ये नियम कडक केले आणि २००१ अखेरपासून दातांसाठी पूर्ण भूल फक्त इस्पितळातच देण्याचे ठरले.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) भूल कोण देणार, आणि काम चालू असताना रोग्यावर लक्ष कोण ठेवणार, हे आधीच विचारावे. विचारण्यात संकोच नको.

२) दमा, मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे, पूर्वीच्या भुलेचा त्रास, तंबाखू आणि दारूसुद्धा, काही लपवू नये. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

३) सामान्यतः हलके खाणे व दूध सहा तास आधी, साधे पाणी दोन तास आधी बंद करतात, भारी जेवणाला याहून अधिक वेळ लागतो. डॉक्टर सांगतील ती वेळ घरातील प्रत्येकाला, विशेषतः आजीला, सांगून ठेवावी.

४) त्या दिवशी रोग्याला एकटे घरी पाठवू नये.

पुढच्या आठवड्यात भाच्याच्या दोन दाढा काढल्या, चार दात भरले. संध्याकाळी तो घरी आला. काही दिवसांनी त्याने आपणहून ताट पुढे सरकविले आणि भाकरीकडे बोट दाखविले. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे आपणच ओळखायचे असते. आम्हाला ते उशिरा कळले. वाचकांना वेळेवर कळावे, एवढीच इच्छा.