जुन्या फियाटला चाकं कोणती?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. फियाट ११०० आणि पुढची पद्मिनी तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. अशा गाडीला चाकं घेताना हे पाहा :

● आधी साल, मग चाक : आरसी बुकातलं उत्पादनवर्ष पाहा. त्याच काळातल्या गाडीचे फोटो समोर ठेवूनच खरेदी करा.

● टायर : पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४, म्हणजे रिम १४ इंची. चाकाचा घेर कमी झाला, तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो.

● रिम : मूळ रिम पत्र्याची, चकचकीत अलॉय नंतरच्या हौसेचं. जुनी रिम घेताना बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजा, गंज आणि वाक तपासा.

● व्हील कॅप : चारही एकाच घडणीच्या हव्यात. पोचा काढून क्रोम पुन्हा चढवता येतं. म्हणून चेपलेली अस्सल टोपी नव्या नकलेपेक्षा बरी.

● नोंदणी : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मोठे फेरबदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. अशी गाडी नव्याने नोंदवली, तर तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात; आधीच नोंदलेली गाडी जुना क्रमांक ठेवू शकते.