‘मी असाच आहे’ म्हणण्याआधी

“मला गणित जमत नाही.” “मी पहाटे उठणारा नाही.” “चारचौघांत मला बोलता येत नाही.” ही वाक्ये वसतिगृहात मी रोज ऐकतो. बोलणाऱ्याला वाटते, आपण स्वतःची माहिती देत आहोत. प्रत्यक्षात तो स्वतःलाच हुकूम देत असतो. गणित जमत नाही अशी ज्याची खात्री, तो अवघड उदाहरण दोन मिनिटांत सोडून देतो. सराव होत नाही, गुण घसरतात आणि “बघा, मी म्हटलं नव्हतं?” म्हणायला पुरावा मिळतो. समजुतीतून सवय लागते आणि सवयीतून तीच समजूत आणखी घट्ट होते.

हे चक्र कुठे तोडायचे? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांचे प्रोत्साहन आणि आपली त्या वेळची शारीरिक-मानसिक अवस्था. यांत सर्वांत भक्कम पहिला. म्हणजे नुसत्या घोषणेपेक्षा सोडवलेले एक उदाहरण मोलाचे.

गेल्या वर्षी काही कॅडेट्सना घेऊन मी दिल्लीला गेलो होतो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनापासून आम्ही इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाकडे चालत निघालो. वाटेत मी त्यांना मुरलीकांत पेटकर यांच्याविषयी सांगितले. सांगली जिल्ह्यातले पेटकर सैन्याच्या ईएमई दलात होते, बॉक्सिंग करत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ‘मी बॉक्सर आहे’ ही ओळखच संपली. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण.

एका कॅडेटने विचारले, “सर, माझ्यात तेवढी जिद्द नसेल तर?”

मी म्हणालो, “हेही ‘मी असाच आहे’चंच वाक्य झालं. गोळी लागली त्या वर्षापासून पदकापर्यंत सात वर्षं गेली. तू फक्त आजचं बघ.”

तर मित्रांनो, ‘मी उशिरा उठणारा आहे’ऐवजी ‘मी सध्या उशिरा उठतो’ असे म्हणा. कृती बदलता येते. आठ दिवस पीटीच्या शिट्टीआधी दहा मिनिटे उठा आणि रोज वहीत खूण करा. पुढे एसएसबीत स्वतःबद्दल लिहायला सांगतील. पालक, शिक्षक, मित्र तुमच्याविषयी काय म्हणतात, हेही विचारतील. त्या वेळी हीच वही तुमच्या शब्दांच्या मागे उभी राहील.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत पाहुण्यांसमोर “आमचा मुलगा लाजाळूच आहे” असे म्हणू नका. पाहुण्यांचे स्वागत करायला त्यालाच पुढे पाठवा.