उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे

अंबड तालुक्यातील वडीगोद्रीच्या परिसरात, जेथे जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, कपाशी आणि मोसंबी उभी राहते, तेथे अंगणातल्या बागेला लागणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा तुटवडा मुळीच नाही. असे असूनही पाचट आणि पऱ्हाट्या बांधावरच काडी लावून जाळल्या जातात आणि घरातला ओला कचरा उकिरड्यावर सडत पडतो, ही गोष्ट मला फार खेदाची वाटते.

कचरा एका जागी टाकत राहिले की वर्षभरात त्याचे आपोआप खत होते, हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत हानिकारक आहे. दबलेल्या ढिगात हवा शिरत नाही, म्हणून तेथे दुर्गंधी सुटते आणि पावसाच्या पाण्याबरोबर नत्राचा मोठा अंश वाहून जातो. उलट हवा, ओल आणि सुक्या-ओल्या द्रव्यांचे प्रमाण यांचा नीट बंदोबस्त केला, तर त्याच कचऱ्यातील सूक्ष्मजीव ढिगाचे तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत नेतात व वास जवळजवळ येत नाही. नत्राच्या एका भागास कर्बाचे 25 ते 30 भाग असावेत, म्हणजे व्यवहारात ओल्या कचऱ्याच्या एका टोपलीस सुक्या पाल्याच्या दोन-तीन टोपल्या. आणि मूठ दाबली असता तळवा ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकी ओल असावी. ढिगातली ही उष्णता उन्हाची नव्हे. मराठवाड्यातले वैशाखातले ऊन ढीग सुकवून सूक्ष्मजीवांचे काम बंद पाडते, म्हणून ढिगाची जागा कडुनिंबाच्या सावलीत व वर ओले गोणपाट, हीच तजवीज योग्य.

दावणीला जनावर नसेल तर कंपोस्ट होत नाही, असेही मानले जाते. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच अशा विटांच्या टाक्यात भिंतींना भोके ठेवून शेकडो किलो पालापाचोळा कुजवतात, आणि त्यास शेण लागते ते सुमारे शंभर किलो, तेही पाण्यात कालवून शिंपडण्यापुरते. घरच्या लहान ढिगास जुन्या खताच्या चार मुठी विरजणासारख्या पुरतात. मात्र चांगली उष्णता हवी असेल तर ढीग तिन्ही बाजूंनी तीन फुटांच्या खाली असू नये.

पऱ्हाट्या कुजतच नाहीत, या समजुतीचे उत्तर इंदूरमध्ये फार पूर्वीच मिळाले आहे. होळकरांच्या त्या राजधानीतील संशोधनसंस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड काम करीत होते, आणि 1931 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात कंपोस्टाची इंदूर पद्धत मांडली गेली. तेथे कपाशीची कठीण खोडे शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत, मग ढिगात रचत, आणि तीनदा चाळवून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करीत. वाडांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. ते घेतले जावे.

मोसंबीच्या सालींनी खत बिघडते, हा समज गांडुळांच्या वाफ्यावरून आला असावा. ताज्या सालींतील तेल गांडुळांना मानवत नाही हे खरे, परंतु उष्ण ढिगात गांडुळांची गरजच नसते आणि बारीक केलेल्या साली तेथे निर्वेधपणे कुजतात. गाजरगवतही घालावे, मात्र फुलोऱ्यापूर्वी.

अर्धवट कुजलेले खत अधिक जोमदार, हे तर सर्वस्वी चूक आहे. अपक्व खत मुळांजवळचे नत्र स्वतःच्या कुजण्यासाठी ओढून घेते, पाने पिवळी पडतात, शिवाय कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते. आणि पक्व कंपोस्टातही नत्र साधारण एक टक्क्याच्या आसपासच असते, युरियात 46 टक्के. तेव्हा त्याची खरी किंमत, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिकटणारी आपली काळी जमीन भुसभुशीत करण्यात आहे. झाडाभोवती दोन बोटे जाडीचा थर पुरे. मोसंबीच्या बुंध्यापासून तो वीतभर दूर ठेवावा, कारण खोडास सतत ओल राहिली की डिंक्या रोगास वाट मिळते.