आधी आकसते, मग फुगते: उच्च अ‍ॅल्युमिना विटेचा हिशोब

पोलाद 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि ते ज्या लॅडलमध्ये ओततात, तिचे कवचही पोलादाचेच असते. रस आणि कवच यांच्यामध्ये उभे असते अग्निरोधक विटांचे अस्तर. सिमेंटच्या फिरत्या भट्टीतही हाच पहारा असतो. या विटांमधली एक भरवशाची जात म्हणजे उच्च अ‍ॅल्युमिना वीट.

तिचे मूळ बॉक्साइटमध्ये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडच्या सड्यांवरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात गेले आणि त्यापासून अ‍ॅल्युमिनाची पांढरी भुकटी झाली. शुद्ध अ‍ॅल्युमिना वितळायला 2050 अंशांच्या वर तापमान लागते. ती दाबून 1600 ते 1700 अंशांवर भाजली की न वितळताच कण एकमेकांना चिकटतात. अणू सरकत राहतात, कणांमधले सांधे रुंदावतात, पोकळ्या बुजत जातात. यालाच सिंटरिंग म्हणतात. निव्वळ बारीक भुकटीचा तुकडा यात प्रत्येक बाजूने सुमारे सहाव्या हिश्शाने आकसतो. अमेरिकेत रॉबर्ट कोबल यांनी चिमूटभर मॅग्नेशिया मिसळून या पोकळ्या जवळपास नाहीशा केल्या. त्यातून प्रकाश आरपार जाऊ देणारे अ‍ॅल्युमिना आणि पुढे सोडियम दिव्यांच्या नळ्या तयार झाल्या.

भट्टीच्या विटेला मात्र एवढे आकसणे परवडत नाही. म्हणून तिच्यात आधीच कडक भाजलेले जाडे दाणे घालतात. ते आपले आकसणे उरकून आलेले असतात. भाजणी कच्ची राहिली, तर उरलेले आकसणे वीट भट्टीत बसल्यावर पूर्ण करते आणि सांधे उघडे पडतात.

दुसरी हालचाल प्रसरणाची. ती दर तापण्याबरोबर येते आणि निवताना परत जाते. दाट अ‍ॅल्युमिनाची एक मीटर लांबी 1400 अंशांपर्यंत तापवली, की सुमारे 11 मिलिमीटरने वाढते. अ‍ॅल्युमिना आणि सिलिका यांचे संयुग असलेल्या म्युलाइटचे प्रसरण याहून बरेच कमी, म्हणून म्युलाइट असलेली वीट तापमानाचे धक्के चांगले सोसते. या वाढीसाठी गवंडी ठरावीक अंतरावर फट सोडतो, तिच्यात पुठ्ठा किंवा सिरॅमिक फायबरची पट्टी बसवतो. पुठ्ठा जळून जातो आणि विटांना जागा मिळते. ती नसेल तर विटा एकमेकींना रेटतात, कडा फुटतात, तुकडे उडतात.

म्हणून नवे अस्तर पेटवताना घाई करू नये. उत्तम विटेलाही हळूहळू तापवणे आणि नेमकी सोडलेली फट, या दोन्हींची गरज असतेच.