मोठ्या कुलपाची पंधरा वर्षे

कसबा पेठेतून निघून नाशिक रस्त्याला लागले, की ऐंशीएक किलोमीटरवर नारायणगावजवळ खोडद येते. तिथे आणि आसपासच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. पाहणाऱ्याची नजर त्या प्रचंड डिशवर खिळते, ते साहजिकच आहे. मला सांगायचे आहे ते त्यांच्यामागच्या संगणकांच्या पोटातले.

2010 मध्ये जयंता रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अँटेनांकडून येणारे संकेत जुळवण्याचे काम त्यांनी बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर आणून दाखवले होते: 48 संगणकांचा लिनक्स क्लस्टर, पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी, संकेतांचे आकडे करणारी एडीसी कार्डे, 33 मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि सगळी आकडेमोड संकेत येतील तशी, तिथल्या तिथे. एवढा पट्टा टिपायचा तर एका संकेताचे सेकंदाला किमान 6 कोटी 60 लाख नमुने घ्यावे लागतात. 30 अँटेना आणि प्रत्येकीची दोन ध्रुवीकरणे धरली, तर बेरीज 396 कोटींवर जाते.

कार्ड आणि प्रोग्राम यांच्यामध्ये असतो ड्रायव्हर, कर्नलचा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा एक भाग. डेटा घ्यायला-द्यायला ‘रीड’ आणि ‘राइट’ पुरतात. पण ‘नमुन्यांचा वेग बदल’, ‘बफर एवढा ठेव’, ‘आता सुरू कर’ हे सांगायला वेगळी सोय लागते. 1979 च्या सातव्या आवृत्तीतल्या युनिक्सने ती ‘आयऑक्टल’ या सिस्टीम कॉलने दिली. त्यात उघडलेली फाइल, आज्ञेचा क्रमांक आणि एक मूल्य द्यायचे. त्या मूल्याचा अर्थ फक्त ड्रायव्हरला कळतो. या मोकळिकीमुळेच कुठलेही नवे उपकरण जुन्या चौकटीत बसते, आणि याच मोकळिकीमुळे कर्नलला बाहेरून तपासणी करता येत नाही. चूक टाळायची जबाबदारी सगळी ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर येते.

ती जबाबदारी किती अवघड, ते लिनक्सच्या इतिहासात दिसते. जून 1996 मध्ये लिनक्स 2.0 आले आणि एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या संगणकावर चालू लागले. हे काम प्रामुख्याने अॅलन कॉक्स यांचे. दोन प्रोसेसर कर्नलमध्ये एकाच वेळी शिरले तर सामायिक माहिती बिघडेल, म्हणून संपूर्ण कर्नलला एकच कुलूप लावले गेले: बिग कर्नल लॉक. पुणेकराला हे विसर्जन मिरवणुकीवरून चटकन उमगेल. कसबा गणपती पुढे, मागे मानाचे बाकीचे गणपती आणि त्यांच्यामागे शेकडो मंडळे, सगळी एकट्या लक्ष्मी रस्त्याने न्यायची ठरवली तर शिस्त राहते, पण रांग सरकत नाही. टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता मोकळे केले की सुटका होते. मग अलका चौकात, जिथे हे सारे रस्ते मिळतात, तिथे कोण आधी जाणार हे मात्र काटेकोर ठरवावे लागते.

सुरुवातीला एकच कुलूप लावणे हा शहाणा निर्णय होता, असे माझे ठाम मत आहे. अडचण पुढे झाली. या कुलपाच्या सवयी विचित्र होत्या. ज्याच्या हाती ते आहे तो ते पुन्हा घेऊ शकत असे, आणि काम झोपी गेले, म्हणजे कशाची तरी वाट पाहत थांबले, की ते आपोआप सुटून जागे झाल्यावर परत मिळत असे. हजारो ठिकाणचा कोड नकळत या सवयींवर विसंबला. हे कुलूप नेमके काय राखते, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

आयऑक्टलचा प्रत्येक कॉल याच कुलपाखाली चाले. 2005 मध्ये 2.6.11 आवृत्तीत ‘अनलॉक्ड आयऑक्टल’ हा दुसरा मार्ग आला: कर्नल कुलूप लावणार नाही, ड्रायव्हरने आपले आपण पाहावे. त्याच आवृत्तीत 64 बिटांच्या कर्नलवर चालणाऱ्या 32 बिटांच्या प्रोग्रामसाठीही निराळी वाट झाली, कारण ‘लाँग’ प्रकारची संख्या एकीकडे चार बाइटांची, तर दुसरीकडे आठ.

मे 2008 मध्ये इंगो मोल्नार यांनी हे कुलूप संपवण्यासाठी कोडची स्वतंत्र शाखा उघडली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा परम युवा हा महासंगणक 4,608 कोअर घेऊन उभा राहिला आणि नोव्हेंबरच्या महासंगणकांच्या जागतिक यादीत 69 वा आला. असे कोअर अनेक संगणकांत वाटलेले असले, तरी एकेका संगणकातही अनेक कोअर आल्यावर कर्नलच्या दारातली रांग परवडणारी नव्हती.

कुलूप काढले ते मात्र एका फटक्यात नाही. आधी ते वरच्या थरातून खाली, एकेका ड्रायव्हरमध्ये ढकलले. मग तो ड्रायव्हर वाचायचा, कुठली माहिती दोघे एकदम बदलू शकतात ते शोधायचे आणि तेवढ्यापुरते स्वतंत्र कुलूप लावायचे. हे काम शेकडो ड्रायव्हरांमध्ये झाले. जोनाथन कॉर्बेट, फ्रेडेरिक वाइसबेकर, आर्न्ड बर्गमन यांच्यासारख्यांनी ते चिकाटीने केले, आणि संगणकशास्त्राच्या शिक्षणात याला मानाचे पान मिळायला हवे. ऑक्टोबर 2010 च्या 2.6.36 मध्ये मोठ्या कुलपाखाली चालणारा जुना आयऑक्टल मार्ग गेला. मे 2011 च्या 2.6.39 मध्ये मोठे कुलूपच गेले.

नवे कुलूप निवडतानाही पेच असतात. वापरकर्त्याच्या मेमरीतून मूल्य आणताना काम झोपी जाऊ शकते. म्हणून तेव्हा हाती स्पिनलॉक, म्हणजे न झोपता जागेवरच वाट पाहायला लावणारे कुलूप, चालत नाही. मूल्य आधी आपल्याकडे उतरवून घ्यायचे, मग कुलूप लावायचे आणि तपासणी त्या प्रतीचीच करायची. पुन्हा मूळ जागी वाचायला गेले, तर दरम्यान दुसऱ्या थ्रेडने ते बदललेले असू शकते. उपकरणाने मध्येच हाक दिली, म्हणजे इंटरप्टच्या वेळी, म्युटेक्ससाठी, म्हणजे वाट पाहताना झोपू देणाऱ्या कुलपासाठी, थांबता येत नाही, तेव्हा तिथल्या सामायिक नोंदींना स्पिनलॉकच लागतो. दोन कुलपे उलटसुलट क्रमाने घेतली की डेडलॉक: दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकतात. तो धोका आधीच दाखवणारे ‘लॉकडेप’ 2006 पासून कर्नलमध्ये आहे.

ज्या जुन्या ड्रायव्हरांत कुणी खोलवर शिरायला तयार नव्हते, तिथे संपूर्ण आयऑक्टलभोवती त्या ड्रायव्हरपुरता एक म्युटेक्स गुंडाळला गेला. क्वचित वापरल्या जाणाऱ्या उपकरणाला तेवढे पुरे आहे. पण एकाच संगणकात त्या ड्रायव्हरची दोन कार्डे असतील, तर एकाची सेटिंग बदलताना दुसरे विनाकारण थांबते. तिथे कुलूप ड्रायव्हरला नव्हे, प्रत्येक कार्डाच्या नोंदीला लावायला हवे, आणि ते काम कुणीही विद्यार्थी आज एका पॅचमध्ये करू शकतो.